राजाच्या पुस्तकातल्या चोची

४ फेब्रुवारी, मंगळवार
सगळ्यात आधी उगवली ती समोरची मास्तरीण. कुणाकडे कोण आलं ते बघायला तिला निमित्त लागत नाही. तिच्या पाठोपाठ लायब्ररीवाली बाई आणि तिचा टकलू साहेब. माझ्याकडे! मास्तरणीचं तोंड पाहण्यासारखं झालं.

आमचे हे बाइंडर होते, गेले त्याला वर्ष होईल. एका छापखान्याने जगाची डोकी फिरवणारी पुस्तकं काढली होती, त्यांचा एक संच यांनी घरासाठी म्हणून हाताने शिवला. लायब्ररीला तो हवाय. साहेब म्हणाले, आजी, हा ठेवा आहे. मी म्हटलं, ठेवा कसला, मी सगळी वाचलीयेत. आता तिसरी शिकलेल्या बाईने एवढं म्हटलं तर बिघडलं कुठे? महिनाअखेर वाचूनच टाकणार आहे. मग खोटं उरतच नाही.

५ फेब्रुवारी
सुरुवात राजाच्या पुस्तकापासून. बारीक आहे म्हणून नाही, सोनेरी अक्षरं छान आहेत म्हणून. एका राजाला त्याच्याच सरदारांनी घेरलं आणि कागदावर शिक्का मारायला लावला, की यापुढे मनाला येईल तसं कुणाला आत टाकणार नाही. असा कागद मी लग्नात सासूबाईंकडून करून घ्यायला हवा होता.

बोट ठेवून ठेवून वाचते. मध्येच खोकला आला. यांचा. कोरडा, दोनदा, मग घसा साफ. सून म्हणाली, आई, नळ आहे. नळ घसा साफ करतो का?

७ फेब्रुवारी
गुडघा दुखत होता म्हणून काल वाचन नाही. (डोळ्यांचा आणि गुडघ्याचा संबंध असतो.)

आज राजाने शिक्का मारला आणि लगेच पुढच्या पानावर पाखरांच्या चोची. आखूड, लांब, कुठली कशासाठी. मला वाटलं, दरबारात पोपट पाळले असतील. मोठ्या लोकांचं काही सांगता येत नाही. तर बरोबर तिथेच पुन्हा खोकला. आणि पुस्तकं चिकटवायच्या मैद्याच्या खळीचा वास, ताज्या. सून म्हणाली, तुम्हाला सगळीकडे खळच दिसते. पण खिडकी तिनेच उघडली.

१० फेब्रुवारी, सोमवार
लायब्ररीवाली एकटीच आली. मला भेटायलाच, दुसरं काय. राजाचं पुस्तक चाळता चाळता खुदकन हसली. म्हणाली, आजी, फर्मा चुकलाय. फर्मा म्हणजे घडी घातलेल्या पानांचा जुडगा, असे जुडगे ओळीने शिवले की पुस्तक. सगळे जीव कसे बदलत बदलत आले ते सांगणारं जे जाडं पुस्तक, त्याचा एक जुडगा राजाच्या पुस्तकात शिवला गेलाय. आणि राजाचा त्यात. म्हणजे सरदार तिकडे माकडांत बसलेत.

मग तिने हळूच विचारलं, ही दोन कधी शिवली? सगळ्यांत शेवटी, म्हटलं. यांना दिसत नव्हतं तेव्हा. बोटांनी चाचपून.

ती म्हणाली, दोन्ही उसवून नीट करते. मी म्हटलं, चूक नाहीच ती, मुद्दाम केलंय, राजावरून माकडावर आलं की माणूस विचारात पडतो. ती म्हणाली, आजी, तुम्ही भारी आहात. आहेच मी.

११ फेब्रुवारी
खरं ते इथे लिहायला हरकत नाही. यांनी चुकलेलं काम कधी तसं सोडलं नाही. भरल्या ताटावरून उठून गिऱ्हाइकाचं पुस्तक उसवायला बसलेले मी पाहिलेत. आता ही चूक राहिलीय म्हणून येतात. ती नीट झाली की कशाला येतील?

मला काही तसं नाही. मला फक्त पुस्तकांची काळजी. राजाचं आणि माकडांचं, दोन्ही पुस्तकं गाद्यांच्या खाली घातली.

१३ फेब्रुवारी
साहेब बाकीचा संच घेऊन गेले. दोन हरवली, म्हटलं. लायब्ररीवाली गाद्यांकडे बघत होती, मग साहेबांना म्हणाली, चला, निघू. शहाणी पोर.

वाचन बंद, पुस्तकंच नाहीत त्याला मी काय करू?

दुपारी गाद्यांतून खोकला. दोनदा नाही, थांबेचना, शेवटच्या आजारात होता तसा. आणि कागदावर बोटं फिरवल्यासारखा आवाज. पान. पुन्हा पान. चाचपतायत, सापडत नाहीये. सुनेला म्हटलं, उंदीर असेल. असेल, म्हणाली, आणि पोळपाट तसाच टाकून माझ्याजवळ येऊन बसली.

१५ फेब्रुवारी, शनिवार
मीच लायब्ररीत फोन केला. म्हटलं, पुस्तकं सापडली, आपोआप. दोघंही आली. मी विचारलं, चुकलेली शिवण उसवून नीट केली, की शिवणाऱ्याचा जीव शांत होतो का? साहेब पंख्याकडे बघायला लागले. ती म्हणाली, होतो आजी. तिला काय माहीत? पण कॉलेज शिकलेली आहे, तिने हो म्हटलंय.

अट घातली. इथेच उसवायचं, माझ्यासमोर, यांच्याच सुईने. चोची चोचींकडे, राजा राजाकडे. होऊन जाऊ दे एकदाचं. घरात शांतता झाली की मलाही वाचायला बरं.

आत्ताही चालूच आहे. खोकून घ्या, म्हटलं.

सोमवारी सकाळी येते म्हणालीय.