सिन्नोवेने रचलेलं सरपण

प्रिय सिन्नोवे,

आज सकाळी अंगणात पहिल्यांदा दव गोठलं आणि मी तू रचलेल्या ढिगाला हात घातला. ढीग वाकडा आहे, बाळ. शेजारचा आर्नल्योत कुंपणावर रेलून विचारत होता, हे लाकूड कुणी रचलंय, वाऱ्याने? आपल्या गावात माणसाची पारख सरपणाच्या ढिगावरून होते, तुला ठाऊकच आहे. मी म्हटलं, माझ्या लेकीने रचलंय, आणि सरळ करायला हात लावशील तर बघ.

मार्चमध्ये बर्चचं झाड अंगावर आलं, त्यानंतरचे तीन आठवडे माझ्या हिशेबी नाहीतच. शुद्धीवर आलो तेव्हा तू उशाशी बसून विचारत होतीस की फोडलेली लाकडं गोठ्यामागे रचू की घराला लागून. खरं सांगतो, रागच आला. बाप पट्ट्यांत गुंडाळलेला आणि हिला सरपणाची पडलीय!

तुझं काम मला कधी धड कळलं नव्हतं. अपघातातल्या माणसाच्या एकेका जखमेला आकडा द्यायचा, सर्वांत वाईट तीन आकड्यांचे वर्ग करून मिळवायचे, वय धरायचं आणि तो जगण्याची शक्यता किती ते काढायचं. गावात मी सांगायचो, लेक इस्पितळात बेरजा करते. घरच्या माणसाचा आकडा मात्र तुम्ही काढायचा नाही, असा नियम.

पण डोक्यात यायचा तो राहतो थोडाच? काल मी ढिगावरून कुरकुर केली, तेव्हा तुझ्या आत्याने मला झापलं आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं सांगून टाकलं. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी तुम्हा दोघींना बोलावलं होतं. शंभरात सात, म्हणाले. उपचार थांबवायचे का? तू म्हणालीस, "आकडा बरोबर आहे, मीही तोच काढला असता. पण तो अशा शंभर जणांचा आहे. त्यातले जगणारे सात कोण, ते त्यात लिहिलेलं नसतं. बाबांना थोडा वेळ द्या." त्यांनी दिला. आणि तू तिथून थेट घरी येऊन कुऱ्हाड हातात घेतलीस.

ओलं बर्च उन्हाळाभर वाळवावं लागतं, पोरी. वसंतात फोडतात ते पुढच्या हिवाळ्यासाठी. आकडा ठाऊक असूनही तू माझा हिवाळा रचत होतीस. आत्ता शेगडीत त्यातलंच लाकूड जळतंय. छाती अजून दुखते, पण आज ती अभिमानाने भरून आलीय, आणि एवढं सांगायलाच हे पत्र. नाताळला ये. सरपण दोघांना पुरून उरेल.

तुझाच,
बाबा