अकरा सेकंद

३ फेब्रुवारी, सोमवार

दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद! मर्यादा अडीच मिनिटांची, स्पर्धा तीन आठवड्यांवर आलेली, आणि हे महाशय मला म्हणतात, "बाई, अकरा सेकंदांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

गेल्या वर्षी सहा सेकंद जास्त झाले म्हणून गुण कापले आणि आपण चौथे आलो. हे त्याला कुठून माहीत असणार? तो आलाच गेल्या जूनमध्ये. चकाकणारे बूट घालून पोरींना चीअरलीडिंग शिकवतो. शिक्षकांच्या खोलीत त्याचं नाव पडलंय – झगमग. मी इथे बावीस वर्षं खेळ शिकवते आहे. नियमांची वही माझ्याकडे, सुरक्षेच्या तक्त्यावर सही माझी. त्याने फक्त नाचवायचं.

तक्त्यावर लाल पेनाने शेरा मारला – वेळ अकरा सेकंद जास्त, ताबडतोब कमी करावी. तो वाचत राहिला. "शेवटच्या मिनिटात वरच्या मुलीची उडी आहे, बाई. तो तुकडा कापता येत नाही. मग काय, गाणं पळवू?"

म्हटलं, कापा नाहीतर पळवा, मला अडीच मिनिटं हवीत!

५ फेब्रुवारी, बुधवार

गाद्या नाहीत! सभागृहात नुसती सतरंजी अंथरून सराव चाललेला. गाद्या कुठे आहेत विचारलं तर म्हणे पालकसभेच्या वेळी हलवल्या. नियम चार – जाड गादी नसेल तर कोणीही खांद्याच्या वर जायचं नाही. सराव जागच्या जागी थांबवला. स्वतः शिपाईमामांबरोबर जाऊन कोठारातून सहा गाद्या ओढून आणल्या. धुळीने शिंकून शिंकून बेजार झाले.

मग पोरींची नखं तपासली. तिघींची वाढलेली. एकीच्या कानात डूल, एकीच्या तोंडात गोळी! चघळत चघळत उलटी उडी मारणार होत्या बाईसाहेब. किती ओरडलं तरी पालथ्या घड्यावर पाणी.

एकच पोरगी नियम पाठ करून येते – टाचणी. आठवीतली, वर्गात सगळ्यात हलकी, म्हणून तिलाच वर उडवतात. आई शिवणकाम करते, त्यावरून पडलेलं नाव. आज तिनेच मला नियम अठरा म्हणून दाखवला – वरच्या मुलीला काही चुकतंय असं वाटलं तर तिने "खाली!" असं मोठ्याने ओरडायचं. वर विचारते, "पण बाई, गाणं एवढं जोरात असतं. ऐकणार कोण?"

"मी ऐकणार. आणखी कोण!"

७ फेब्रुवारी, शुक्रवार

घसा पूर्ण बसलाय. घरी खुणांनी बोलतेय. आमचे हे म्हणतात, "शाळेने फार उपकार केले माझ्यावर."

१० फेब्रुवारी, सोमवार

टाचणी पडली.

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

पूर्ण पोशाखात रंगीत तालीम होती. गाद्या होत्या, नखं कापलेली होती, सगळं मी पाहिलं होतं. नियम अकरा – उडीच्या वेळी मागे एक मोठं माणूस उभं हवंच. झगमगच्या भरवशावर कोण सोडतंय? मीच उभी राहिले. दोन मिनिटं नऊ सेकंदांना धप्प आवाज झाला. बघते तर चौघी झेलणाऱ्या ओळीत उभ्या, तोंडं समोर, हसताहेत! आणि टाचणी त्यांच्या मागे, माझ्या पायांपासून दोन हातांवर, हात अंगाखाली दुमडलेला.

नियम चौदा! वरची मुलगी खाली येईपर्यंत झेलणाऱ्यांची नजर तिच्यावरच! पण याने शिकवलंय काय – हसा, परीक्षकांकडे बघा, हसण्याला पाच गुण! पाच गुणांसाठी लेकराचं कोपर गेलं.

तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्या पोरींसमोर म्हणाले त्याला, तुम्ही माणूस आहात की कोण? तो गुडघ्यांवर बसून तिच्या हाताखाली आपलं जाकीट सारत होता. मान वर न करता म्हणाला, "बाई, आधी गाडी बोलवा."

११ फेब्रुवारी, मंगळवार

कोपराचं हाड तुटलंय. शस्त्रक्रिया झाली, दोन स्क्रू बसवले. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे प्लास्टर, आणि हात पूर्ण सरळ होईलच असं आत्ता सांगता येणार नाही. तिची आई बाकावर बसली होती. काम टाकून तशीच धावत आलेली, पदराला चार टाचण्या तशाच टोचलेल्या. मला म्हणाली, "तुम्ही होतात तिथे, म्हणून मी निर्धास्त होते."

बाहेर येऊन रडले. मग राग आला. राग बरा – त्यात चालता येतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मोठ्या बाईंनी चौकशी ठेवली. त्या, संस्थेचे सचिव, पालकांपैकी एक वकीलबाई. माझा अहवाल तीन पानी. काल दिवसभर लिहिला. कोणता नियम, कुठे मोडला, कोणी मोडला. "दोन मिनिटे नऊ सेकंद या क्षणी झेलणाऱ्या चारही विद्यार्थिनींची नजर वरच्या विद्यार्थिनीवर नव्हती. हा प्रशिक्षकांच्या शिकवणीचा थेट परिणाम आहे." सकाळी आमच्या ह्यांना वाचून दाखवला होता. म्हणाले, "वेळ अगदी सेकंदावर दिलीस! तुझ्यासारखा साक्षीदार मिळाला तर कोर्टं ओस पडतील."

झगमगला विचारलं, काही सांगायचंय? मला वाटलं, आता नाचता येईना अंगण वाकडं. गाद्यांवर ढकलेल, पोरींवर ढकलेल. तर उभा राहून एवढंच म्हणाला, "शेवटचं मिनिट मी पळवलं. पोरी आकडे मोजून झेलतात. गाणं पळालं तसे आकडे पळाले, त्यांचं 'चार' लवकर आलं आणि त्या समोर वळल्या. वरून येणारी मुलगी काही गाण्याबरोबर पळत नाही. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. चूक माझी."

वकीलबाईंनी विचारलं, "गाणं का पळवलं?"

तो म्हणाला, "वेळेत बसवायला."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मीही बोलले नाही. विचारलं कुठे होतं मला?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काढला त्याला. संघाचं नाव स्पर्धेतून मागे घेतलं. उत्तम! असल्या हलगर्जी माणसाला पोरींच्या जवळपास फिरकू देऊ नये.

चौघी झेलणाऱ्या जिन्यात भेटल्या. एकीने मान खाली घातली, बाकीच्या तिघी भिंतीकडे बघत गेल्या. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कुणामुळे पडली तुमची मैत्रीण, आणि रुसता कोणावर!

शेरा तर मी मारला होता, पण शेरा वेळेबद्दल होता. आंधळेपणाने गाणं पळवा असं कुठे लिहिलंय त्यात? तक्ता काढून परत वाचला. नाही लिहिलेलं. बोलले होते ते वेगळं. रागात माणूस काय काय बोलतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

टाचणीकडे गेले होते. एका खोलीचं घर, अर्ध्या खोलीत शिवणयंत्र. यंत्रावर तिचाच चंदेरी पोशाख उसवलेला पडला होता. आई म्हणाली, "कापड चांगलं आहे, कशाला वाया घालवू?" पाणी देऊन ती खाली दुकानात गेली.

टाचणी उशीला टेकून बसलेली. प्लास्टरवर सगळ्या वर्गाच्या सह्या. मधोमध मोठा चकाकणारा बूट काढलेला. म्हणाली, "सर आले होते काल. त्यांना परत घेतील का, बाई?"

मी म्हटलं, तू आता आराम कर. ज्यांनी नियम मोडले त्यांना शिक्षा व्हायलाच हवी. नियम आपल्यासाठी असतात.

तिने मान डोलावली. जरा वेळ प्लास्टरच्या कडेचा कापूस उपटत राहिली. मग हळूच म्हणाली, अगदी तक्रारीचा सूर नव्हता तिचा, धडा पाठ आहे हे सांगावं तसं म्हणाली –

"मी अठरावा नियम पाळला होता, बाई. वर असतानाच कळलं की त्या लवकर वळल्या. मी 'खाली' ओरडले. दोनदा ओरडले. दुसऱ्यांदा तर 'बाई' म्हणूनच ओरडले."

मी म्हटलं, गाणं फार जोरात होतं गं.

"हो ना," ती म्हणाली. "ऐकू नसेल आलं. पण मी दिसले असेन ना?"

तिची आई पारले बिस्किटांचा पुडा घेऊन वर आली. मी दोन खाल्ली. काय बोलले, कशी उठले, बस कुठली पकडली, काही आठवत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या बाईंकडे जाऊन अहवाल परत मागितला. "आता कशाला? सगळं मिटलं ना," त्या म्हणाल्या. नवा लिहून दिला, चार ओळींचा. जुन्यातली एकच गोष्ट ठेवली – दोन मिनिटं नऊ सेकंद. तीन पानं सगळ्यांनी वाचली, पण बाई, पोरगी पडली तो सेकंद तुम्हाला इतका नेमका कसा माहीत, हे कोणीच विचारलं नाही.

मी मागे उभी होते, आणि घड्याळ बघत होते.