उजवीकडे ती मोकळी होती

माय, नालवाडीच्या मैदानावरून आत्ता घरी आले, पाय धुतले आणि चहा ठेवायच्या आधीच कागद घेऊन बसले. तुला जाऊन चौदा वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा तुला पत्र लिहिणं हा तसाही काही शहाणपणाचा प्रकार नाही. पण ज्या गोष्टीपायी तू मला एसटीत बसवून डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं होतंस, ती आज परत माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तर आधी ते सांगून टाकते. शाळेतल्या त्या वर्ध्याच्या मॅचमध्ये माझी मैत्रीण उजवीकडे मोकळी उभी होती, हात वर करून, आणि ती मला दिसली होती. चांगली लख्ख दिसली होती. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले.

तुला फुटबॉल कसा काय कळला याचं मला अजून नवल वाटतं. आंजी गावातल्या आमच्या शाळेत नवे सर आले, त्यांनी मुलींची टीम काढली, आणि गावात पहिली चर्चा कशाची, तर हाफपँटची. शेजारची काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तुला म्हणाली, "पोरगी उघड्या पायानं नाचून राह्यली मैदानात, अन तू चूप?" तू भाकर थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "वावरात आपुन काष्टा मारून पिंडऱ्या दाखवत फिरतो, तवा कोणाचं नाक कापल्या गेलं वं?" काकू गेली ती चार दिवस फिरकली नाही. मग तू माझ्याकडे वळलीस. "पण तू खेळतं काय, ते मले समजावून सांग. उद्या कोणी इचारलं तं मी काय सांगू?" मी जमिनीवर अकरा कांदे आणि अकरा आलू मांडले, लसणाची पाकळी म्हणजे बॉल. ऑफसाइड समजवायला सरांना आमच्यामागे पंधरा दिवस घालवावे लागले होते. तू दोनदा पाकळी सरकवलीस, कांद्यांच्या पलीकडे एकट्या पडलेल्या आलूकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "म्हंजे वाढणारा येन्याच्या आधीच पंगतीत पान मांडून बसाचं नाई." मी हसून लोळले. तू आलू गोळा करत म्हणालीस, "सरक आता, तुया फॉरवर्डले फोडणीत टाकू दे." आज मी माझ्या टीमच्या पोरींना ऑफसाइड तसाच शिकवते. कुठून आणला हा पंगतीचा दाखला, हे त्यांना सांगत नाही, फुकटची हुशारी मिरवते.

माझा दोष एकच होता. बॉल पायाला लागला की माझी मान खाली जायची. सर ओरडून थकले. दिवाळीनंतर कापसाचा वेचा सुरू झाला आणि शाळेच्या सुटीत तू मला रोज वावरात घेऊन गेलीस. कमरेला ओटी बांधून दिलीस आणि म्हणालीस, "हाताकडे पाहाचं नाई. बोंड हाताले समजते. तू मले सांग, डाव्या अंगाच्या तिसऱ्या पातीत कोन हाय? अन धुऱ्यावर बसलेली बुढी काय करून राह्यली?" पहिल्या दिवशी कापसाच्या पऱ्हाटीनं माझी बोटं ओरबाडून निघाली, ओटीत कापूस कमी आणि पाचोळाच जास्त. तू रागावली नाहीस, फक्त पुन्हा पुन्हा विचारत राहिलीस. आठव्या दिवशी मी न बघता वेचत होते आणि सगळ्या वावरात कोण कुठं आहे हे मला ठाऊक होतं. मैदानावर गेले तर पायाचंही तसंच झालं. सर म्हणाले, "काय जादू झाली?" मी म्हटलं, "वेच्याले गेलती सर." त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

तेव्हाच मी ते पातीचं पाहिलं होतं. प्रत्येक बाईची आपली ओळ, ती तिची पात. जी आधी वावराच्या टोकाला, धुऱ्याला पोचेल तिनं बसून राहायचं नाही. मागं राहिलेलीच्या पातीत समोरच्या टोकानं शिरायचं, वेचत वेचत तिच्याकडे यायचं आणि मध्यात दोघींनी भेटायचं. त्याला कोणी उपकार म्हणत नव्हतं, रीत होती ती. तुझे हात सगळ्यांत चपळ, म्हणून रोज तूच कोणा ना कोणाच्या पातीत असायचीस.

तर ती मॅच. वर्ध्याला होती, समोर समुद्रपूरच्या पोरी, एकेक दांडगट. नागपूरहून निवडीचे सर आले होते आणि आमच्या टीममधून एकीलाच शिबिराला नेणार हे सगळ्या शाळेला माहीत होतं. ती एक म्हणजे मी नाहीतर माझी मैत्रीण, हेही माहीत होतं. तू वेच्याचा दिवस बुडवून आलीस, पोतं अंथरून मैदानाच्या कडेला बसलीस. बाकी लोक बॉल जाईल तिकडे माना फिरवत होते आणि तू भलतीकडेच बघत होतीस. कोणीतरी तुला म्हणालं, मावशी, बॉल इकडे आहे. तू म्हणालीस, "बॉल तं समद्यांलेच दिसते. बाकीच्या एकवीस जनी काय करून राह्यल्या, ते पाहू द्या मले." शेवटची पाच मिनिटं. बरोबरी. बॉल माझ्या पायात, मान वर, तूच शिकवल्यासारखी. उजवीकडे ती एकटी, गोल तिच्यासमोर सताड उघडा. माझ्यापुढे दोन जणी. आणि मी ठरवलं, माय. पाय आपोआप गेला नाही, मी ठरवलं की हिला द्यायचा नाही. तशीच घुसले, वाकड्या कोनातून मारला, बॉल खांबाला आतून घासून गोलात गेला. सगळ्यांनी मला डोक्यावर घेतलं. ती पण धावत आली आणि तिनंच मला सगळ्यांत आधी मिठी मारली.

परत जाताना तू एवढंच विचारलंस. "ते पोरगी मोकळी उभी होती. तुले दिसली नाई?" मी म्हटलं, "नाई दिसली." तुझा चेहरा असा उतरला की मला आधी कळेचना का. तुला वाटलं लेकीच्या डोळ्यात दोष आहे. तिसऱ्या दिवशी, माझ्या डोळ्यांना ऊन लागू नये म्हणून शेजारणीकडून छत्री मागून, सकाळच्या एसटीनं तू मला डोळ्याच्या दवाखान्यात नेलंस. मी खालच्या ओळीतली मुंगीएवढी अक्षरं धडाधड वाचून दाखवली. डॉक्टर हसले, म्हणाले, आजी, हिला तर घारीचे डोळे आहेत. तुला आजी म्हटल्याचा राग यायला हवा होता, तो आला नाही. तू माझ्याकडे पाहिलंस. स्टँडवर उसाचा रस पाजलास, गाडीत खिडकीची जागा दिलीस, आणि शहर मागं पडल्यावर बाहेर बघत म्हणालीस, "डोये चांगले हायेत तं. पुढं गेलेल्या बाईनं माघारी याचं असते, एवढं ध्यानात ठेवजो." एवढंच. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. आई ओरडली की लेकराचं फिटतं, तू माझं फिटू दिलं नाहीस.

शिबिराला माझी निवड झाली. तू जुन्या चादरीच्या दोन पिशव्या शिवल्यास, बूट ठेवायच्या, एकसारख्या. एक माझी. दुसरी माझ्या हातात देऊन म्हणालीस, "जाच्या आधी तिले देऊन येजो." मी गेले, तिच्या आईच्या हातात पिशवी ठेवली आणि ती विहिरीवरून यायच्या आत पळाले. तू विचारलंस, भेटली काय? मी म्हटलं, हो. बघ, एका खोट्याला दुसरं लागतंच. शिबिरातून फार काही झालं नाही, दोन वर्षांत गुडघा गेला, मग ही पोरींना खेळ शिकवायची नोकरी. तिनं शाळेसोबत खेळही सोडला. तिच्या बापानं सांगितलं होतं म्हणे, निवड झाली तर खेळ, नाही तर लग्न कर. हे मला फार उशिरा कळलं.

आता ती नालवाडीतच राहते, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. तिची लेक माझ्याकडे खेळायला येते, उजवीकडेच खेळते, आणि काय दिसतं त्या पोरीला! आज सराव संपल्यावर ती लेकीला घ्यायला आली होती. पोरींना म्हणाली, "तुमच्या मॅडमनं तवा काय गोल मारला होता वर्ध्याले, बाप रे बाप!" मग माझ्या दंडाला धरून, हसत हसतच, म्हणाली, "एक सांगू? मले अजून वाटते, मी हात नीट वर केलाच नसन. थोडा अजून वर केला असता तं तुले दिसली असती. माहीच चूक."

इतकी वर्षं, माय. इतकी वर्षं ती आपल्याच हाताला दोष देत बसली. मला तिथंच बसून रडावंसं वाटलं. पोरी उभ्या होत्या, तिची लेक माझ्या तोंडाकडे बघत होती. सांगायला दोन शब्द पुरे होते.

मी तिला म्हटलं, "तुझी चूक नाही गं. माझ्या डोळ्यावर ऊन होतं."