कॅम्प चारची राजसी

उल्हासनगर, कॅम्प ४
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. राजसीस,
पप्पांचा सप्रेम सलाम व अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. फोनवर माझ्याने बोलवणार नाही, म्हणून लिहितो.

आज चर्चच्या उपासनेत तुझ्या लग्नाच्या तीन रविवारच्या सूचनांपैकी पहिली वाचली. वाचायची पाळी माझीच. प्रज्वलच्या नाशिकच्या मंडळीकडून आलेल्या कागदावर तुझ्या नावापुढे 'राहणार कल्याण' होतं. मी थबकलो. मग वाटलं, नोकरीसाठी तिकडे आहेस, होणाऱ्या सासरी तूच तसं सांगितलं असशील. इथे दुरुस्त करावं आणि तिकडे बोभाटा व्हावा, कशाला? होतं तसं वाचून मोकळा झालो.

रीतीप्रमाणे विचारलं, कोणाची हरकत असल्यास सांगावी. तर गयाबाई उभी! म्हणाली, तिची हरकत आहे. कल्याणची राजसी तिला ठाऊक नाही, तिने संडे स्कूलला शिकवली ती कॅम्प चारची. सगळे हसले, ती नाही. दिवसभर जीन्सच्या कारखान्यात शिवण करून उरल्या वेळात ती तुझा लग्नाचा गाऊन शिवते आहे, पोरी.

येशूला नाकारणाऱ्या पेत्रासाठी कोंबडा आरवला, माझ्यासाठी गयाबाई. चाळीस वर्षं या गावाचं मीठ खाल्लं. तू निदान परक्यांपुढे नाकारलंस, मी आपल्याच माणसांपुढे. फार लाज वाटते.

लोभ आहेच, तो उणा होणार नाही.
तुझे पप्पा

नाशिक
१४ नोव्हेंबर

ती. पप्पांस,
सप्रेम सलाम, वि. वि.

पत्र मिळालं. चूक माझी, तुम्ही अंगावर घेऊ नका.

पहिल्याच भेटीत प्रज्वलच्या आई बिघडलेल्या चार्जरला नावं ठेवत होत्या. उल्हासनगरचा माल, दोन दिवसांत बंद, म्हणाल्या. सगळे हसले. पप्पा, मीही हसले. लगेच त्यांनी माझं गाव विचारलं आणि तोंडातून कल्याण निघालं. स्टेशन शेजारचंच, अशी मनाची समजूत घातली. पण मम्मी गेली तेव्हा शेजारच्या सिंधी आजींनी महिनाभर आपल्याला जेवू घातलं, हे प्रज्वलला अजून सांगता आलेलं नाही. सांगायचं तर गाव सांगावं लागेल.

परवा दुसरी सूचना आहे. धीर होईल असं वाटत नाही. प्रार्थना करा.

माया असू द्यावी, रागावलात तरी.
तुमची राजसी

नाशिक
रविवार, २३ नोव्हेंबर

ती. पप्पांस,
सप्रेम सलाम, वि. वि.

मागच्या रविवारीही कल्याणच वाचलं गेलं. मी मान खाली घालून बसले. अखेर काल प्रज्वलला आणि त्याच्या आईंना सगळं सांगितलं. आई म्हणाल्या, गावाचं काही नाही, पण महिनोन् महिने आपल्याला फसवलं, ते लागलं.

इथल्या चर्चचे पाळक म्हणाले, दोनदा चारचौघांत चुकीचं वाचलं, दुरुस्तीही चारचौघांतच हवी. म्हणून आज त्यांनी हरकत विचारल्यावर मीच उभी राहिले. म्हटलं, माझी हरकत आहे, मी कल्याणची नाही, उल्हासनगरची. मागे कोणीतरी खुदकन हसलं. प्रज्वल उठून माझ्याशेजारी उभा राहिला. आई बसूनच होत्या. अजून नीट बोलत नाहीत. बोलतील तेव्हा बोलतील.

तुमच्याकडची तिसरी सूचनाही आज असेल. या वेळी काय वाचलंत, ते कळवा. आणि गयामावशींना जरा विचाराल का, त्यांची अजून हरकत आहे का?

तुमचीच, कॅम्प चारची,
राजसी