भरीत दिनाबाबत स्पष्टीकरण

१९ नोव्हेंबर २०२५, बुधवार

कामिनी अभिमन देवरे, वाचनालयाची तुझी किल्ली मी आजपासून वापरात घेतली आहे. कळावे.

तू नवरात्रापूर्वी गेलीस. तेव्हापासून वाचनालयाचा फलक कोरा होता. रोज सकाळी तू त्यावर खडूने दिनविशेष लिहायचीस आणि आपली कॉलनी दूध घेऊन परतताना तो वाचत असे. कोऱ्या फलकापुढून रोज जाणे मला जमेना. म्हणून हे कार्य मी स्वीकारीत आहे.

एवढेच तुला उद्देशून. यापुढे रोजनिशी ही रोजनिशीप्रमाणेच लिहिली जाईल. दिवंगत व्यक्तीशी पत्रव्यवहार करणे सयुक्तिक नाही.

आजचा दिनविशेष संयुक्त राष्ट्रसंघाच्या यादीत पडताळून घेतला आणि लिहिला — ‘जागतिक शौचालय दिन’. अक्षर सुवाच्य. खाली रेघ.

समोरच्या घरातील श्री. झुलाल पाटील (कापसाचा व्यापार, आवाज मोठा) फलकापुढे थबकले.

“नाना! पह्यलाच दिन, आन् हाई?”

“अधिकृत आहे,” मी म्हणालो.

“अधिकृत शे, पन हातमा दूध शे ना!”

दुपारी कॉलनीचा सचिव हितेंद्र आला. तरुण, नम्र, सतत घाईत. “नाना, त्रास होत असेल तर किल्ली समितीकडे द्या. वाचनालयात टीव्ही लावू.”

किल्ली देणार नाही, असे सांगितले.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

‘जागतिक अभिवादन दिन. आज किमान दहा व्यक्तींना आपणहून नमस्कार करावा.’

लिहिले, आणि मग लक्षात आले — लिहिणाऱ्यासही ते बंधनकारक आहे!

छत्तीस वर्षे कार्यालयात लोकांनी मला नमस्कार केला. मी मान हलवली. आपणहून करण्याचा सराव नाही. तरीही इस्त्रीचा सदरा घालून निघालो.

दूधवाला दचकला. “नाना, दूध पातळ व्हतं का?”

कोपऱ्यावरच्या सुंदरबाईंनी हातातले सूप खाली ठेवले. पदर डोक्यावर घेतला. हळू आवाजात — “कोन गयं, नाना?”

कोणीही गेलेले नाही, असे त्यांना दोनदा सांगावे लागले.

झुलाल पाटील — “कोनता वार्डमधून उभा राही राहयनात?”

नऊ व्यक्ती झाल्या. दहावी मिळेना. पाटलांच्या कुत्र्यास नमस्कार केला. व्यक्ती या शब्दाची व्याख्या फलकावर दिलेली नव्हती.


२६ नोव्हेंबर, बुधवार

संविधान दिन. उद्देशिका संपूर्ण लिहिली. खडू संपत आला. वाचक — एक बकरी.


२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सुंदरबाई फाटकाशी उभ्या. “नाना, औंदा भरीत दिन कवय शे?”

असा कोणताही दिन नाही, मी म्हणालो.

“नही कसा? बठ्ठी कॉलनी जेवस! तुम्हीबी जेवतस!”

हे खरे आहे. दर हिवाळ्यात एके दिवशी वाचनालयाच्या अंगणात वांगी भाजली जातात, भरीत होते, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी होतात. मी जातो. पाटावर बसतो. भरितात मीठ कमी असते, ते निदर्शनास आणतो. परतताना फलकाकडे कधी पाहिले नाही, कारण घरातील व्यक्तीने लिहिलेले मुद्दाम जाऊन काय वाचायचे!

सर्व सूची तपासल्या. कडधान्य दिन आहे. मृदा दिन आहे. भरीत दिन नाही. राष्ट्रीय नाही, आंतरराष्ट्रीय तर नाहीच.

झुलाल पाटील मोबाईल घेऊन आले. त्यात फलकाची छायाचित्रे. कामिनीचेच अक्षर — तो ‘भ’ मी कोठेही ओळखीन. ‘आज भरीत दिन! सर्वांनी यावे, ताटे आपापली आणावी.’ एक छायाचित्र २७ डिसेंबर २०२३ चे. दुसरे १५ डिसेंबर २०२४ चे.

एकाच दिनाच्या दोन तारखा! कामिनी पदवीधर होती. तिच्याकडून ही अपेक्षा नव्हती.


३० नोव्हेंबर, रविवार

रात्रभर विचार केला. उद्या कोणी बाहेरचा जाणकार येईल, हे पाहील, आणि म्हणेल — देवरेबाई मनाला येईल ते लिहीत होत्या. तिच्या नावास बोल लागू नये, एवढाच माझा हेतू होता. सकाळी फलकावर लिहिले —

‘स्पष्टीकरण. भरीत दिन या नावाचा कोणताही दिन अस्तित्वात नाही. पूर्वीच्या नोंदी अनवधानाने झालेल्या समजाव्यात. दिनविशेष म्हणजे निश्चित तारीख. — अ. ना. देवरे.’

यात चूक काय? तारीख म्हणजे तारीख. माझा जन्म १ जूनचा. तशी नोंद शाळेच्या दाखल्यावर आहे. आमच्या वर्गातील निम्मी मुले १ जूनलाच जन्मली होती, हा योगायोग म्हणावा, परंतु नोंद ती नोंद! वाढदिवस मात्र मी साजरा करू दिला नाही. केक, टाळ्या वगैरे प्रकार मला मान्य नाहीत.

दुपारपर्यंत स्पष्टीकरणाखाली कोणीतरी लिहून गेले — ‘भरीत दिन अमर रहे’. ‘अमर’ अधोरेखित!

संध्याकाळी हितेंद्र. या वेळी घाई नव्हती. “नाना, काकू होत्या तेव्हा लोक फलकापाशी हसत उभे राहायचे. आता मागच्या गल्लीने जातात. पुढच्या रविवारी सभा आहे. किल्लीचं तिथे ठरवू.”

किल्ली गेली, तर सकाळी त्या खोलीत जाण्यास मला कारण उरणार नाही. तिची खडूची डबी तेथे आहे. तिची खुर्चीही.


२ डिसेंबर, मंगळवार

राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन. झुलाल पाटलांनी नेमक्या फलकासमोर कपाशीच्या वाळक्या काड्या, पऱ्हाट्या, रचून ठेवल्या आहेत. विचारले. “दिन नही तं नही. वांगं भाजाले कोनी अडवस का?”


४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती

पिंपळनेरहून झुंबरअक्का आली — माझी थोरली बहीण. पोतेभर हिरवी वांगी घेऊन! कंडक्टरने पोत्याचेही तिकीट फाडले, म्हणून फाटकापासून ओट्यापर्यंत त्याचा उद्धार चालला होता.

“अक्का, इतकी वांगी कोणासाठी?”

“तुन्हाकरता. सकाय तुना दिन शे ना!”

उद्या माझा कोणताही दिन नाही, मी म्हणालो. माझा जन्म १ जूनचा.

अक्का हसता हसता पोत्यावरच बसली. “एक जून तं मास्तरनं लिखं! त्यानं इचारं, बापले काय याद? तू दत्तजयंतीना दुसरा दिन जलमना. बाप सारंगखेडानी यात्रामा घोडा लेवाले गयथा. घोडा भेटना नही, घर उना तं तू!”

मी पाणी प्यायलो.

“कामिनीले मीच सांगं. ती बोलनी, अक्का, त्यासले वाढदिवस चालस नही. मी वांगं भाजसू, कॉलनी जेवाडसू. त्यासले सांगूच नका.”

पंचांगे काढली. २०२३ — दत्तजयंती २६ डिसेंबर. २०२४ — १४ डिसेंबर. दोन्ही वर्षी फलक दुसऱ्याच दिवशीचा. तिची नोंद अचूक होती! तिथी सरकत होती, म्हणून तारीख सरकत होती.

“हे कॉलनीत कोणाकोणास ठाऊक आहे?”

“बठ्ठासले.”

सर्वांना! म्हणजे दरवर्षी माझ्या वाढदिवसास मी पंगतीत बसत होतो. आणि परवा स्वतःच्या सहीने जाहीर केले, की हा दिवस अस्तित्वात नाही!


५ डिसेंबर, शुक्रवार

उजाडताच फलक ओल्या फडक्याने पुसला. लिहिले —

‘आज भरीत दिन (तिथीनुसार). ताटे आपापली आणावी. दि. ३० नोव्हेंबरचे स्पष्टीकरण अनवधानाने झालेले समजावे. — अ. ना. देवरे.’

खाली लहान अक्षरात जागतिक मृदा दिनही नोंदवला. तोही आजच आहे. त्याचा अनादर का करावा?

मागच्या गल्लीने जाणारे पुढून आले. पऱ्हाट्या पेटल्या. धूर माझ्या इस्त्रीच्या सदऱ्यात बसला. झुलाल पाटील मुसळ घेऊन वांगी ठेचत होते आणि माझ्या स्पष्टीकरणाचे माझ्याच आवाजात वाचन करीत होते. सदर वाचन हुबेहूब होते, हे नमूद करणे भाग आहे.

वाढदिवसाच्या शुभेच्छा कोणीही दिल्या नाहीत. कामिनीला तसा शब्द दिलेला होता म्हणे.

पहिला घास घेतला. सवयीने बोलून गेलो — “मीठ कमी आहे.”

सारी पंगत टाळ्या वाजवू लागली! सुंदरबाई डोळे पुसत होत्या, धुराने किंवा कशाने. “औंदा मी टाकं कमी. वहिनी मुद्दाम कमी टाके, नाना. सांगे, ते बोलनात म्हंजे त्यासनं पोट भरनं.”

मी दुसऱ्यांदा भरीत घेतले. तिसऱ्यांदाही.

हात धुताना अक्काने विचारले, “आन् तिना दिन कवय शे रे? तिनाबी करूत.”

“१ जून,” मी म्हणालो.

“जोडपं एकच दिन जलमनं!” झुलाल पाटील मोठ्याने हसले, आणि मध्येच थांबले. सर्व माझ्याकडे पाहत होते.

दाखल्यावर १ जून आहे. मास्तर तिच्याही गावी होतेच.

मला ठाऊक नाही.


६ डिसेंबर, शनिवार

जळगावला भाविकास फोन केला. मुलीला तरी माहीत असेल! “नाही हो बाबा. आईने कधी सांगितलंच नाही. एरंडोलच्या ताईबाईआजींना विचारा, आईच्या मावशींना. आई त्यांच्याच घरी जन्मली.”

फलकावर आज काही लिहिले नाही.


७ डिसेंबर, रविवार

सभा झाली. किल्ली माझ्याकडेच राहावी, असा ठराव. सूचक झुलाल पाटील, अनुमोदक सुंदरबाई. एकमताने संमत. मी आभार मानले आणि फलकावर लिहिले — ‘एक दिन शोधावयाचा आहे. तोवर दिनविशेष नाही.’

कामिनी, एरंडोलची गाडी दुपारी आहे. तुझी खडूची डबी पिशवीत घेतली. वाचनालयास कुलूप लावले. किल्ली मी परतेपर्यंत हितेंद्रकडे ठेवली.