वरच्या मजल्यावरची गळती

२२ सप्टेंबर

चि. बबडीस,

अप्पांचे अनेक आशीर्वाद. मी सुखरूप आहे. गुडघा नेहमीसारखा कुरकुरतो, भूक बरी लागते. तिकडे पाऊस ओसरून आता घामाच्या धारा सुरू झाल्या असतील.

जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. 'किनाऱ्यावरचे हवामान सम व दमट असते' हे मुलांकडून घोकून घेतलं. दमट म्हणजे काय ते मात्र तुझ्याकडे राहिल्यावर कळलं. दोरीवरचे टॉवेल वाळायचं नाव घेत नाहीत, मिठाचा दगड झालेला, कपाटातल्या माझ्या पट्ट्याला बुरशीच्या मिशा फुटलेल्या! जावईबापू इस्त्रीने मोजे वाळवत होते तेव्हा मी पोट धरून हसलो होतो.

काल फोनवर तू म्हणालीस, "अप्पा, थंडीत या. हवा कोरडी असते, मानवेल तुम्हाला." मी गुडघा पुढे केला. मग तू सहज सांगितलंस की आता गळती थांबवायला वरच्या नर्सबाईंच्या बाथरूमची फरशी उखडायची, त्यांच्याच खर्चाने, आणि तू त्यांच्याशी बोलणंही टाकलं आहेस. म्हणून आज हे लिहायला बसलो.

बबडी, नर्सबाईंकडून काहीच गळत नव्हतं. गादी मी ओली केली होती. झोपेत. या वयात.

पहिल्यांदा झालं त्या सकाळी मला स्वतःलाच उमजेना. माझी नात उशाशी उभी राहून म्हणाली, "आजोबा, हे बघा बेट!" तेवढ्यात तू आलीस. बाहेर पाऊस कोसळत होता, छतावर तो जुना पिवळा डाग होताच. माझ्या तोंडून निघून गेलं, "वरून गळतंय वाटतं." तू तरातरा वर गेलीस. नर्सबाई रात्रपाळी करून नुकत्याच आडव्या झाल्या असतील.

"अहो, माझी फरशी कोरडी ठणठणीत आहे, आत येऊन बघा ना!"

"मग आमची गादी काय आपोआप भिजली?"

मला सगळं ऐकू येत होतं. मी चादरीची घडी घालत बसलो.

पुढे आणखी दोनदा झालं. दोन्ही वेळा पाऊस होता आणि वास दमटपणावर खपून गेला. मग उघडीप पडू लागली, तशी मला धडकी भरली. हवा मानवत नाही असं सांगून निघालो ते त्यामुळे. निघताना माझी पिशवी खाली कोणी आणून दिली, आठवतंय? नर्सबाईंनीच. मी वर मान करून आभारही मानू शकलो नाही. थंडीत तुमच्याकडे थेंबही पडत नाही, तेव्हा कोणाकडे बोट दाखवू?

इथल्या डॉक्टरांना दाखवायला हवं, पण तो माझाच विद्यार्थी. दोनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. सोमवारी जाईन.

हे पत्र वाचलंस की वर जा आणि नर्सबाईंना वाचायला दे. अख्खं दे. माझी अब्रू राखायला म्हणून काही गाळू नकोस. जावईबापूंना काय सांगायचं ते तू ठरव.

लगेच फोन करू नकोस. रागावलीस तर ऐकून घेईन. पण तू "असू दे हो अप्पा" म्हणालीस, तर मला ते सोसणार नाही.

तुला तोंड दाखवायची लाज वाटणारा,
तुझा अप्पा