मुक्ताचं दुखणं कुणाचं

फुलंब्री, ८ जानेवारी १९९८

चि. बद्रीनाथ यास द्वारकाताईचे आशीर्वाद. इकडं जीव थाऱ्यावर नाय, पण मी उभी आहे.

तू सांगितलेल्या क्रांती चौकातल्या डॉक्टरीणबाईंकडं मुक्ताला नेलं. नऊ वर्षांची पोर वाढत का नाय, सारखी पाणी का पिते, ते कळलं. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आलीत. बाई म्हणाल्या, आजार जन्माचा आहे. माझ्यात एक खोट, तुझ्या दाजींतही तीच. एकेकटी असली तर काही करत नाय. पोरीत दोन्ही एकत्र आल्या. आतेभावाशी लग्न झालं की असं व्हायचा धोका वाढतो.

सासूबाई, म्हणजे आपल्या आवडाआत्या, गावभर सांगत फिरतात की माझ्या माहेरचं रक्त नासकं. दाजींना दुसरी करायचं बोलतात. मी म्हणलं, माझं माहेर तेच तुमचं माहेर. मग नासका कोण, तुमचा बाप का माझा आजा. तेव्हापासून अबोला आहे. तुझे दाजी औत घेऊन रानात निघून गेले. मी घर सोडणार नाय.

आन् आत्या त्यांची लेक कावेरी, माझी नणंद, तुला द्यायचं म्हणतायत. नीट विचार कर.

लोभ आहेच, तो आटू देऊ नको.
तुझी ताई

हर्सूल, २ फेब्रुवारी १९९८

ती. सौ. ताईस बद्रीचा सा. न. वि. वि.

दादांना मी नाही म्हणून सांगितलं. सख्ख्या बहिणीची लेक मी नाकारली म्हणून बापानंच मला घराची बंदी केलीय. आता घरचे आंबे बंद, यंदा तूच धाड. कावेरीलाही विचारलं, ती म्हणाली, तिला नर्सिंगला जायचंय, लग्नाची घाई तिलाही नाही.

मुक्ताला मूत्रपिंड कुणाचं चालेल, त्याचे रक्ताचे रिपोर्ट आले. तुझा गट मुक्ताशी जुळत नाही, दाजींचा जुळतो. बाईंना खोदून विचारलं. एकच खोट असलेल्या माणसाची मूत्रपिंडं धडधाकट असतात. त्यांचं एक मुक्ताला बसवलं तर त्यात हा आजार होत नाही. दाजींना विचार, पण कोपऱ्यात नेऊन नको. आत्यासमोर विचार.

रागावलीस तरी पत्र टाक, माया असू दे.
तुझा बद्री

मुंबई, १९ मे १९९८

चि. बद्रीस अनेक आशीर्वाद.

सगळे जेवत असताना विचारलं. आत्या म्हणाल्या, गड्याचं शरीर औताला लागतं, ते कापायचं नाय. आईपुढं कधी मान वर न केलेला हा माणूस ताटावरनं उठला आन् म्हणाला, पोर निम्मी माझी, तर दुखणं पण निम्मं माझं.

ऑपरेशन झालं. बाप-लेक दोघं बरी आहेत. मुक्ता भाकर मागते. आत्या न बोलावता इथं आल्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, हा रोग आईकडचा का बापाकडचा. मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाल्या, दोन्हीकडचा, आन् दोन्हीकडची मीच.

माझ्याशी अजून बोलत नायत. मलाही घाई नाय. तू दादांपुढं ठाम राहा. दिवाळीनंतर मुक्ता शाळेत जाईल, तिला सोडायला ये. कोण काय म्हणतं ते मी बघते.

अशीच साथ दे.
तुझी ताई